पाणी मुरतंय

"या आराखड्यात कुठंच पाणी मुरत नाही," नंदिनी म्हणाली, आणि विहारात टाळ्या पडल्या.

तिला पुढचं बोलायचं होतं, पण टाळ्यांनी बोलू दिलं नाही. पहिल्या रांगेत बसलेल्या लहानूजींनी चष्मा काढून डोळे पुसले. ते देवळीतल्या या वॉर्डाचे नगरसेवक आणि नंदिनीचे मामा. आराखडा त्यांचाच होता.

मागच्या वर्षी त्यांनी वॉर्डात सिमेंटचा रस्ता आणला, आणि तेव्हापासून विहारासमोरच्या पानठेल्यावर एकच बोलणं सुरू झालं, 'लहानूच्या कामात पानी मुरते.' सरळ माणसाला चोर म्हणायची ही आपली सभ्य रीत. नाव घ्यायला नको, पुरावा द्यायला नको, पाणी आपलं मुरतच राहतं. लहानूजींनी तर ठेकेदाराला चहासुद्धा घरचा पाजला होता. ते बोलणं त्यांना इतकं लागलं, की त्यांनी पानठेल्यावर जाणंच सोडलं.

तरी नवा आराखडा केलाच. साऱ्या गल्ल्या आणि विहारापुढचं मैदान, खाली काँक्रीट आणि वर पेव्हिंग ब्लॉक. वॉर्डात चिखल नावालाही उरायचा नव्हता. त्यांच्या आईची अंत्ययात्रा भर पावसाळ्यात निघाली, तेव्हा खांदेकरी याच मैदानात रुतले होते. तो दिवस त्यांच्या मनातून गेला नव्हता. लोकांना पाहता यावं म्हणून त्यांनी विहाराच्या दारापुढं ब्लॉकची एक पट्टी नमुन्यादाखल बसवूनही घेतली होती.

आराखडा पुढं पाठवायचा तर वस्तीची संमती हवी. म्हणून त्यांनी भाचीला नागपूरहून बोलावलं. वस्त्यांच्या योजना पुढच्या पिढीपर्यंत टिकतील की नाही, हे तपासणं हेच तिचं काम. बाप गेल्यावर ती मामाच्याच घरी वाढली, इथूनच कॉलेजात गेली. सभा सुरू होतानाच शेजारच्या गल्लीतल्या अश्विननं सर्वांसमोर विचारलं होतं, "भाची मामाले नापास करन काय?"

आता टाळ्या वाजत होत्या आणि अश्विन तेवढा हाताची घडी घालून बसला होता.

खाली बसणं सोपं होतं. मामाचा डाग धुतला गेला होता, बाकीचं घरी जेवताना हळूच सांगता आलं असतं. नंदिनीला तसं करावंसं वाटलंही. पण ती उभीच राहिली. टाळ्या थांबल्यावर तिनं पुस्तकी मराठी बाजूला ठेवली.

"माह्यं बोलनं झालं नाई. मामाच्या कामात खोट नाई, हे मले ठाऊक आहे. पन मी पावसाच्या पान्याचं सांगून राह्यली. ते कुठंच मुरत नाई. म्हनून हा आराखडा टिकनार नाई."

लहानूजींनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

कोपऱ्यातली भरलेली बादली उचलून नंदिनी बाहेर आली. लोक मागोमाग आले. तिनं अर्धी बादली मैदानातल्या कडुलिंबाखाली ओतली. बघता बघता मातीनं पाणी पिऊन टाकलं. उरलेली अर्धी ब्लॉकच्या पट्टीवर रिकामी केली. ते पाणी पट्टीवरून पळालं, नालीत पडलं आणि वॉर्डाबाहेर निघून गेलं.

"आपल्या विहिरीले हे मैदान पानी पाजते," ती म्हणाली. "हे झाकलं, का वस्ती चकाचक दिसन अन् तहानेली राहीन."

"कायच्यावरून म्हनतं?" लहानूजींचा आवाज चढला होता. "विहिरीले आजवर पानी कमी पडलं काय?"

उत्तर धुरपताबाईंनी दिलं. त्यांचं घर विहिरीला लागून, आणि वयानं त्या लहानूजींपेक्षा मोठ्या. "पडलं नं, लहानू. रस्ता झाला अन् त्याच उन्हाळ्यात दोर पुरेना. नवा लांब दोर तूच तं आनून देल्ता."

लहानूजी मैदानापलीकडच्या विहिरीकडं बघत राहिले. दोर त्यांनीच आणला होता, उन्हाला शिव्या देत. विहिरीच्या कडेनं गेलेल्या आपल्या रस्त्याकडं तेव्हा त्यांनी पाहिलं नव्हतं. मामा रागावलेलेच राहिले असते तर बरं, असं नंदिनीला वाटलं.

"अन् चिखलाचं काय करतं?" त्यांनी विचारलं.

"मैदानातून मुरमाची एक उंच वाट करू, मामा. चार खांदेकरी आरामात चालतीन येवढी रुंद. बाकी माती उघडी ठेवू. रस्त्याच्या पान्यासाठी विहिरीजवळ शोषखड्डा करू."

खांदेकरी हा शब्द ऐकला आणि लहानूजींनी पहिल्यांदा भाचीकडं नीट पाहिलं. मग ते वाकले आणि पट्टीच्या कडेचा एक ब्लॉक हातांनी हलवू लागले. तो निघेना. अश्विन पुढं झाला, बाजूला पडलेली लोखंडी सब्बल घालून त्यानं ब्लॉक उचकटला. खालच्या काँक्रीटवर सब्बल वाजली.

"हेबी फोड," लहानूजी म्हणाले. "आराखडा मी नवा करतो."

"मंग ठेल्यावर लोकायले का सांगू, काका?" अश्विननं विचारलं. आता त्याच्या बोलण्यात खोच नव्हती.

लहानूजींनी मातीचे हात धोतराला पुसले आणि पानठेल्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"सांगजो, आता लहानूच्या कामात पानी मुरन."