सावकाश गोठलेल्या पेशी

ते साल दोन हजार चार. त्या वर्षी प्रयोगशाळेचे प्रमुख सर निवृत्त होणार होते, आणि सूड उगवायला बाईंच्या हातात शेवटचे तीन महिने उरले होते.

बाई प्रयोगशाळेत पेशी गोठवत. टिकलीएवढ्या जाळीवर पेशी ठेवायच्या आणि अतिथंड द्रवात बुडवायच्या, पापणी लवायच्या आत. मग क्ष-किरणांखाली पेशीचं आतलं सगळं घर दिसे. जरा उशीर झाला की आतल्या पाण्याचा खडेदार बर्फ होई आणि पेशीला भोकं पडत.

बारा वर्षांपूर्वी बाईंनी गोठवलेल्या एका पेशीचं चित्र जगभर गाजलं. शोध बाईंचा, खाली नाव एकट्या सरांचं. बाईंनी तेव्हा ब्र काढला नाही. राग तेवढा जपून ठेवला.

या वेळी सर एका आजाराच्या मागे होते. बाईंनी निरोगी पेशी झटकन बुडवल्या. रोग्यांच्या पेशी मात्र थंड वाफेत क्षणभर रेंगाळू दिल्या.

यंत्र चालवणारे तात्या पडद्याकडे बघत म्हणाले, "बाई, हात जड झाला की काय? ही भोकं बर्फाची तर नव्हेत?"

"तीस वर्षं गोठवतेय. तुम्ही आपली बटणं दाबा."

"दाबतो बापडा."

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "फक्त आजारी पेशींतच? खात्री आहे ना, बाई?"

"माझ्या कामावर कधी शंका घेतलीत?"

"कधीच नाही. जाण्याआधी एक काम नीट करून जायचंय मला."

हाव काही सुटत नाही मेल्याची, बाई मनात म्हणाल्या. शोधनिबंध छापायला पाठवताना सरांनी सह्यांसाठी कागदांची चवड पुढे केली. नेहमीचेच कागद असणार. बाईंनी न वाचता सह्या ठोकल्या.

निरोपाच्या दिवशी सरांच्या पत्नीनं बाईंचा हात हातात घेतला. "बारा वर्षं ह्यांना धड झोप नाही हो. आता लागेल."

"लागू दे की," बाई गोड हसल्या.

निबंध छापून आला. वर्षभरात तीन ठिकाणी तोच प्रयोग झाला आणि भोकं कुठेच दिसली नाहीत. निबंध मागे घ्यावा लागला, चौकशी बसली. तात्यांनी पाहिलं ते सांगितलं आणि दुसऱ्या संस्थेत निघून गेले. सरांना कुणी बोलावलं नाही. ते लेकीकडे राहायला गेले, गुलाब लावले, आणि झोपेतच गेले. बाईंची नोकरी गेली, पेन्शनही गेलं. पुढे कुठल्याच प्रयोगशाळेनं त्यांना दारात उभं केलं नाही.

त्या निबंधावर नाव एकच होतं, बाईंचं.