ओढणीच्या गाठी

शाळेचे भंगारात काढलेले लॅपटॉप संस्थेचे सचिव टेम्पोत चढवत होते, तेव्हा संघमित्रा हाताची घडी घालून दारातच उभी होती. “तुह्या फुकटच्या शिकवणीपायी माह्या भाच्याचा क्लास रिकामा पडून राह्यला,” सचिव तणतणले. “आता शिकव कशावर शिकवतं तं.” तिचे धडे पुसून टाकायला त्यांनी एकाचं बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. “हार्डडिस्क कधीच्याच मेल्या, साहेब. काहीच नाही त्याच्यात. न्या,” ती म्हणाली. टेम्पो सुलतानपूरच्या भंगारवाल्याकडं निघाला. मग तिच्यामागच्या पोरींनी आपापल्या ओढणीची गाठ सोडली. प्रत्येकीच्या तळहातावर पेनड्राइव्ह होता. सगळी सिस्टिम त्यातच होती; मेलेल्या लॅपटॉपला तो लावला की पडदा उजळायचा अन् कालचा धडा पुढं सरकायचा. “आता लावाचा कुठं, ताई?” एकीनं विचारलं. संघमित्रानं चपला घातल्या. “टेम्पोमागं चला. भंगारवाला माहा मामा आहे.”