वळण राहू द्या

“काकू, भाषण नको, हरकत काय ती सांगा,” नगराध्यक्षबाई म्हणाल्या. “तुमच्यामागे अजून माणसं आहेत.”

काकू उठल्या. समोरच्या भिंतीवर नकाशा टांगला होता. त्यात त्यांच्या रस्त्याचं वळण पुसून लाल रेघ सरळ पुढे नेली होती. रेघेच्या दोन्ही अंगांना पिवळा रंग फासला होता. पिवळा म्हणजे खाली दुकानं, वर बिऱ्हाडं.

“माझं एवढंच म्हणणं आहे. वळण राहू द्या.”

“कशासाठी?”

“वळणामुळे गाड्या हळू होतात. शाळेतली पोरं त्याच वाटेनं येतात.”

ते खरंच होतं. फक्त काकूंचं कारण ते नव्हतं.

काकूंचे यजमान प्रार्थनेच्या सभेत देवाच्या गोष्टी गाऊन सांगत. ऐकणारी माणसं आधी हसायची, मग हसता हसताच डोळे पुसायची. एकुलत्या एक मुलाला गळा बापाचाच मिळाला होता. त्यानं बापाच्या जागी उभं राहावं, एवढीच काकूंची इच्छा. मुलगा बसवर ड्रायव्हर झाला. बाप गेल्यावर त्या जागी भलताच कुणी गायला उभा राहिला, आणि त्या दिवशी घरी येऊन काकू बोलून गेल्या, “मी बोलावल्याशिवाय या दारात पाय ठेवू नकोस.”

मुलगा शब्दाचा पक्का. आला नाही. काकूही त्याचीच आई. बोलावलं नाही.

पुढे त्याची बस काकूंच्या घरावरून जाऊ लागली. ती फेरी त्यानं मागून घेतली की आपसूक वाट्याला आली, कोण जाणे.

रोज दुपारी बस वळणाशी आली की इंजिनाचा आवाज खाली बसायचा. काकू फाटकाशी कुंपणाची वाळकी पानं खुडत उभ्या असायच्या. मुलगा रस्त्यावरची नजर काढायचा नाही, पण गात असायचा. बापाचंच पद. ‘उजेड ठेव रे दारी’, एवढं काकूंच्या कानावर पडायचं, तोवर बस वळून वेग घ्यायची आणि पुढचे शब्द इंजिन गिळून टाकायचं. ‘चुकला तो येईल घरी’ हे काकू आत जाऊन, भाजी चिरताना, आपल्याशीच म्हणायच्या.

रस्ता सरळ झाला की बस तिथून भरधाव जाणार. मग तेवढंही नाही.

“वहिनी, जरा आमचाही विचार करा,” मागच्या बाकावरून शेजारचे शिंपीदादा म्हणाले. “दुकान रस्त्यावर आलं तर चार गिऱ्हाइकं वाढतील. तुमच्याही जागेचं सोनं होईल.”

“सोनं घेऊन काय करू दादा? कानाची भोकंसुद्धा बुजली माझी.”

सभागृहात हशा पिकला. नगराध्यक्षबाईंनी टेबलावर पेन आपटलं आणि इंजिनियरला बोलायला सांगितलं. तो तरुण होता. सकाळपासून बोलून त्याचा घसा बसला होता.

“सरळ रस्त्याला पदपथ करता येईल. पाणी तुंबणार नाही. बसथांबाही देता येईल. वळणावर थांबा द्यायला नियमानं मनाई आहे.”

“तिथं थांबा मागितलाय कुणी?” गॉगल डोक्यावर चढवलेल्या एका नगरसेवकानं विचारलं.

“एकाची मागणी आहे.”

“एकाची? अहो, मग त्याला रिक्षा करून द्या! रस्ता कशाला सरळ करताय?”

पुन्हा हशा. काकूही पदर तोंडाला लावून हसल्या.

मग त्या शिंपीदादांकडे वळल्या. “दादा, तुमची नात रोज तिथंच रस्ता ओलांडते. मान खाली, बुटानं खडे उडवत. ती गाडीकडे बघत नाही. गाडीवाल्यालाच तिच्याकडे बघावं लागतं. वळण आहे म्हणून तो बघतो.”

शिंपीदादांनी मान खाली घातली. गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत बसले.

मतं घेतली तर दोन्हीकडे सारखीच पडली. सगळ्यांनी नगराध्यक्षबाईंकडे पाहिलं. त्यांनी एकवार नकाशाकडे पाहिलं, एकवार काकूंकडे, आणि म्हणाल्या, “वळण राहील. पुढचा विषय घ्या.”

काकू पदर सावरून निघाल्या. बाहेर व्हरांड्यात येऊन त्यांनी पाणी घेतलं. मनातल्या मनात देवाला हात जोडले, यजमानांना जोडले. उद्या दुपारी फाटकाशी नेहमीसारखं उभं राहायचं. चांगलं लुगडं नेसून.

इंजिनियर नकाशाची गुंडाळी काखेत मारून बाहेर आला. “जिंकलात हं काकू.”

“तुझी मेहनत वाया घालवली रे बाळा.”

“माझं काय, गुंडाळी कपाटावर टाकायची. वाईट त्या बस ड्रायव्हरचं वाटतं.”

“कुठल्या?”

“तुमच्याच रस्त्यावरचा. सुट्टी असली की माझ्या टेबलासमोर येऊन बसायचा. तिथं थांबा द्या, हा एकच हट्ट. मी म्हटलं, वळण आहे तोवर जमणार नाही. तर म्हणाला, मग वळण काढा. या सगळ्याची सुरुवात त्याच्यापासून झाली, काकू.”

काकूंनी ग्लास कठड्यावर ठेवला. तो नीट टेकला की नाही ते त्यांनी पाहिलं नाही.

“कशाला हवा होता त्याला थांबा?”

“आई राहते म्हणे तिथं. घरात पाय ठेवायचा नाही असं सांगितलंय तिनं. म्हणायचा, बस दाराशी उभी राहिली, तर तिचा शब्द न मोडता तिला ओळ पुरी ऐकवता येईल. रोज अर्धीच पोचते.”