खोली नंबर नऊचा ताप

लस टोचल्यामुळे दगडू मेला. बरं, ते सोडा, तसं काही झालंच नाही.

झालं एवढंच, की अठ्ठ्याण्णव सालच्या जूनमध्ये दुबईजवळच्या रास अल खैमाच्या एका टाइल्स फॅक्टरीत सगळ्या कामगारांना सकाळी धनुर्वाताची लस दिली आणि संध्याकाळी दगडूचा डावा दंड सुजला, अंग तापलं. ताप म्हणजे मेडिकल, मेडिकल म्हणजे अनफिट, अनफिट म्हणजे व्हिसा कॅन्सल. म्हणून तो ब्लँकेट ओढून थरथरत म्हणाला, "एसी फार लागतोय."

एसी दोन दिवस बंद होता.

"हो ना, फारच लागतोय," खोलीतले बाकीचे सहाजण आपापल्या ब्लँकेटमधून म्हणाले.

तेवढ्यात कंपनीचा मेल नर्स अंबादास आला. "कुणाकुणाला ताप आलाय? हात वर करा."

कुणीच केला नाही. केला असता तरी डावा वर गेला नसता.

"अरे, लसीनंतर एक-दोन दिवस ताप येतो, दंड दुखतो. गोळी घ्या, खलास. नाहीच उतरला तर मला सांगा. यासाठी कुणाला घरी पाठवत नाहीत."

"मग रजा मागितली तर चालेल, भाऊ?" दगडूने विचारलं.

"माग की!"

दगडूने रात्रभर विचार केला आणि सकाळी अंबादासकडून मॅनेजरला अर्ज लिहून घेतला: "माझी तब्येत उत्तम आहे. फक्त माझ्या डाव्या हातास दोन दिवसांची रजा मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. बाकीचा मी ड्युटीवर हजर राहीन."