पान सत्तावन्न

"बाई, त्या पानावर आलं की झोपच येते," हर्षद म्हणाला आणि सगळा वर्ग खिदळला.

"सत्तावन्नाव्या पानावर? आणखी कोणाकोणाला?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. एकूण एक हात वर झाला. बाईंना हसू आलं नाही. त्या स्वतः तीन रात्री त्याच पानावर पेंगल्या होत्या आणि वयाला दोष देऊन मोकळ्या झाल्या होत्या.

वाचनाच्या विजेच्या पाट्या टेकडीपलीकडच्या कारखान्याने मुलांना आणि बाईंना भेट दिल्या होत्या. रात्री वाचताना डोळ्यांना त्रास नको म्हणून त्यांचा उजेड आपोआप मंद आणि पिवळा होई. परिसर अभ्यासाचं पुस्तक सरकारी होतं, त्यातलं एक अक्षरही कारखान्याला बदलता आलं नसतं. कोणत्या पानावर उजेड किती मंद करायचा, हे मात्र त्याच्याच हातात होतं.

"चला रे, पाट्या घेऊन पटांगणात," बाई म्हणाल्या. "उन्हापुढे त्या दिव्याचं काय चालतंय, बघू या."

उन्हात अक्षरं स्पष्ट दिसली. शर्वाणी मोठ्याने वाचू लागली, "कारखान्याच्या टाकीतून वायू गळू लागला, तर फणस कुजल्यासारखा वास येतो. दोन दिवसांत नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. तो येत असतानाच गाव सोडावं."

"बाई, परवा असाच वास होता!" हर्षद ओरडला. "आईने सगळं स्वयंपाकघर धुऊन काढलं."

बाईंनी हवा हुंगून पाहिली. "आणि आज?"

"आज कुठे? गेला ना!" तो खुशीत म्हणाला.