वेल्डर नंबर अडतीस

“ह्यात माझा जोड कुठला?” लॅपटॉपवर वाकत मुजीबनं विचारलं.

मिस्बाहनं कपाळाला हात लावला. रविवारी सांगलीहून कुंडलला घरी यावं, कॉलेजात नव्यानं शिकलेल्या अणुभट्टीच्या प्रोग्रामचा सराव करत बसावं, आणि अब्बांनी हातातलं ग्रिल अर्ध्यावर टाकून शेजारी स्टूल ओढावं, हे आता ठरलेलंच झालं होतं. मुजीब तरुणपणी कैग्याला अणुभट्टीच्या बांधकामावर वेल्डर होता. काम संपलं, ठेकेदारानं सगळ्यांना घरी पाठवलं. त्यानं जोडलेले पाईप आत राहिले. भट्टी सुरू झाली आणि त्या जागेचं दार त्याच्यासाठी कायमचं बंद झालं.

“अब्बा, ह्यात जोड नसतात. ही चौकटींची रांग म्हणजे पाईप. त्याचे वीस तुकडे धरलेत.”

“तुकडं केलंस! आन् जोडलं कुणी?”

“प्रोग्रामनं.”

“वेल्डिंग न मारताच? लय हुशार की गड्या तुझा प्रोग्राम.” मुजीब खदखदून हसला. “बरं, आता पुढं काय?”

“आता दहाव्या तुकड्यापाशी पाईप तोडायचा.”

मुजीबचं हसू गेलं.

“खरा न्हाई वो अब्बा. तुटला असं धरायचं. मग पाणी किती वेळात जातं, भट्टी किती तापते, ते बघायचं. उद्या तसं झालंच तर काय करायचं ते आधी कळावं म्हणून.”

“माझ्या जोडांचं एक्स-रे काढलं हुतं साहेबलोकांनी. एक बी जोड परत कराय लागला न्हाई. आन् तू तुटला म्हणून धरतीस?”

मिस्बाहचं म्हणणं मुजीबला पटलं होतं, पण बरं काही वाटलं नव्हतं. परत आल्यापासून त्यानं कुंडल-पलूसची निम्मी गेटं बनवली होती. येता-जाता त्यातल्या कुठल्याही गेटाला त्याला हात लावता येई. ज्या कामाचा खरा अभिमान होता, तेवढंच काम त्याला पुन्हा दिसणार नव्हतं. एकदा आत जावं, त्या पायपावर नुसता हात ठेवावा आणि परत यावं, असं त्याला फार वाटायचं. आत सोडणार कोण?

“तुमचा नंबर काय होता?” मिस्बाहनं विचारलं. तिला तो पाठ होता.

“अडतीस. जोड झाला की शेजारी पायपावर लोखंडी पंचानं ठोकायचा. कुणाच्या हातचं काम हाय, ते कळाय पायजे.”

तिनं दहाव्या तुकड्याची ओळ शोधली. तिच्यावर एक नवी ओळ घेतली, सुरुवातीला चांदणीची खूण टाकली आणि टाईप केलं: ‘जोड पक्का. वेल्डर ३८.’ मुजीबनं ते दोनदा वाचलं. मग तिनं प्रोग्राम चालवला.

पाण्याची निळी रेघ सरळ चालली होती, ती एकदम खाली आली.

“तुटला की गं! पक्का लिवलं हुतंस नव्हं?”

“चांदणी टाकलेली ओळ कॉम्प्युटर वाचत नाही, अब्बा. ती सोडून पुढं जातो.” बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे सांगायला नको होतं. “काढून टाकू का?”

मुजीबनं चष्मा वर सरकवला. ठिणग्यांचे जुने डाग पडलेला अंगठा त्यानं स्क्रीनवरच्या ३८ वर ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “तिथं बी आता कोण वाचत न्हाई.”