छपरावरून गेलेला चेंडू

"आणि चेंडू त्या छपरावरून गेला!" हॅस्किन्स सरांनी काठी वर केली. प्रेक्षकांच्या रिकाम्या बाकांपुढे उभ्या असलेल्या मुलांच्या माना काठीमागोमाग वर वळल्या. "पलीकडून कोळशाची मालगाडी चालली होती. चेंडू पडला तो थेट डब्यात. गावातले म्हातारे म्हणतात, तो अजून थांबलेला नाही."

"पण टाकला कुणी होता?" एका मुलीने विचारलं.

"होता कुणी बिचारा. टोला मारणाऱ्याचं नाव राहतं, बाळ."

मुलं हसली. कोरीन हसली नाही. तिने फाटकाकडे पाहिलं. तिचे आजोबा हॅट छातीशी धरून बाहेरच उभे होते. सोमवारी हे जुनं बेसबॉलचं मैदान मोडायला यंत्रं येणार होती. त्याआधी एकदा तरी त्यांना मधल्या मातीच्या उंचवट्यावर उभं करायचं, म्हणून तिनेच त्यांना हट्टाने शाळेच्या सहलीला आणलं होतं.

"वेंडेल टॅकेट," ती मोठ्याने म्हणाली. "चेंडू टाकणाऱ्याचं नाव. माझे आजोबा. ते बघा, तिथे."

सरांची काठी खाली आली. ते हळूहळू फाटकापर्यंत गेले.

"टॅकेट, बाहेर का? आज तिकीट नाही."

"मागच्या वेळी आलो होतो, तेव्हा अख्खं गाव 'घरी जा' म्हणून ओरडलं होतं. मी गेलो."

"आता कोण ओरडणार? त्यातले निम्मे वर गेले."

"चेंडू आणायला गेले असतील," आजोबा म्हणाले.

सर हसले, आजोबाही हसले. तेवढ्यात कोरीनने त्यांचा हात धरला, आणि ते आत आले.

गवत गुडघ्यापर्यंत वाढलं होतं. दुपारच्या पिवळ्या उन्हात बियांच्या पांढऱ्या म्हाताऱ्या तरंगत होत्या. छपराखाली पारवे घुमत होते; डोळे मिटले तर वाटावं, दूरवर गर्दी कुजबुजते आहे. आजोबा झोपेत चालल्यासारखे चालत होते.

मध्येच ते थबकले. त्यांनी पाय चांगला उंच उचलला आणि पुढे टाकला.

"काय आहे तिथे, आजोबा?"

"चुन्याची रेघ. हिच्यावर पाय पडला की त्या दिवशी हरलोच."

कोरीनने वाकून पाहिलं. नुसतं गवत होतं.

"त्या दिवशी पडला होता?"

"त्या दिवशी मी घाईत होतो," म्हणत आजोबा चेंडू टाकायच्या उंचवट्याकडे चालू लागले.

मागून मुलं आली. त्या जागेपाशी येताच एकेकाने पाय उंच उचलला आणि जपून पलीकडे ठेवला. सगळ्यांत शेवटी हॅस्किन्स सर आले. त्यांनी आधी काठी पलीकडे टेकली, मग पाय उचलला.